आकडा हॉस्पिटलला विचार, बाईला नको

पत्र थोडक्यात: नाशिकमधल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३४. मुलगा अडीच वर्षांचा. त्याच्या वेळी ३८व्या आठवड्यात “पाणी कमी झालंय” असं सांगून सिझर केलं. नंतर वाचन वाढलं तसं मनात येत राहिलं की खरंच गरज होती का, का आपल्याला फसवलं. म्हणून सिझरच्या वाढत्या प्रमाणाबद्दल जनजागृती करायची असं तिने ठरवलं. सोसायटीच्या महिला मंडळाच्या मंगळागौरीला ती बोलायला उभी राहिली, “ज्यांचं सिझर झालंय त्यांनी हात वर करा” म्हणाली, अठरा जणींत अकरा हात वर आले. मग “बघा, हा सगळा धंदा आहे” असं बोलून गेली. तिच्या थोरल्या जाऊबाईंनी हात वर केला नाही, त्या मधूनच उठून गेल्या आणि तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांचं सिझर मध्यरात्री घाईघाईत झालं होतं आणि बाळ बारा दिवस काचेत होतं. त्यातच नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीये, आठवा महिना आहे, तिने वहिनीचं सगळं मनावर घेतलंय आणि म्हणते काहीही झालं तरी मी सिझर करून घेणार नाही, वेळ पडली तर घरीच बाळंत होईन. आणि सासूबाईंनी गुरुजींकडून तारीख काढून ठेवलीये, कारण दिवस भरतात ते पितृपक्षात, त्यांना बाळ गणपतीतच हवंय. मैत्रीण विचारते: मी चुकले का? हे काम सोडून देऊ का? आणि शेवटी एक ओळ: मला फसवलं होतं का?

प्रिय मैत्रिणी,

मी तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. काम सोडू नकोस, हे आधीच सांगते. पण मंगळागौरीला जे झालं ते तुझं बोलणं कडक होतं म्हणून झालं असं मला वाटत नाही, प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला गेला म्हणून झालं. अकरा बायकांना हात वर करायला लावलंस, आणि त्या अकरा जणींचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यातलं त्या हॉलमध्ये कोणीच नव्हतं. डॉक्टर नाही, नवरा नाही, तारीख काढणारे गुरुजी नाहीत. मग तो हात म्हणजे कबुलीच झाली की. तुझ्या जाऊबाईंनी वर केला नाही यात मला काहीच नवल वाटत नाही.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच. आणि माझी स्वतःची दोन बाळंतपणं दोन टोकांची झालीत, ती सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. १९९३ साली पहिली मुलगी, नॉर्मल. सगळे आजही म्हणतात किती छान, नॉर्मल झाली. मला आठवतं ते म्हणजे रात्रभर एकटीने टेबलवर उताणं पडून काढलेली रात्र, आईला आत सोडलं नाही, पाणी मागितलं तर ओरडले, कळ आली की “एवढं काय ओरडतेस” हे ऐकायचं. १९९७ ला मुलगा. पाणमोट फुटली आणि बाळाच्या आधी नाळच खाली आली. नाळ अशी दबली की बाळाचा रक्तपुरवठाच बंद होतो. एका सिस्टरने हात आत घालून बाळाचं डोकं वर उचलून धरलं ते थिएटरमध्ये पोट उघडेपर्यंत, ती माझ्याबरोबर स्ट्रेचरवर तशीच वाकून पळत होती गं. तो मुलगा आज नोकरीला आहे. आता सांग, मी तुझ्या हॉलमध्ये असते तर कुठला हात वर करायचा होता मी?

तू रेटबद्दल जे म्हणतेस ते खरं आहे, त्यात माझा वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून जो सरकारी सर्व्हे होतो त्यात २००५-०६ ला देशात शंभरातली ८.५ बाळंतपणं सिझरने होत होती, २०१५-१६ ला १७.२ झाली, २०१९-२१ ला २१.५. आपल्या महाराष्ट्रात २५.४. तेलंगणात तर ६०.७. आणि सगळ्यात बोलका आकडा म्हणजे देशभरात सरकारी दवाखान्यात १४.३ टक्के आणि प्रायव्हेटमध्ये ४७.४. म्हणजे प्रायव्हेटमध्ये जवळपास दर दुसरी बाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची गोष्ट केली होती, २०१५ मध्ये परत सांगितलं की एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं म्हणून आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होतात असं दिसत नाही. पण त्याच निवेदनात पुढे हेही आहे की ठराविक टक्का गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे त्या प्रत्येकीला सिझर मिळेल हे बघा. हे दुसरं वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

आता यात एक गफलत सगळ्यांचीच होते, तुझीही झाली. टक्का हा गर्दीचा असतो. ४७ टक्के जास्त आहे हे कळलं तरी त्यातली नेमकी कुठली बाई विनाकारण कापली गेली हे त्या आकड्यावरून कळत नाही. अकरा हातांत कदाचित पाच गरजेचे असतील, कदाचित आठ, कदाचित तीन. हॉलमध्ये उभं राहून आपण ठरवू शकत नाही. उत्तर त्या त्या बाईच्या फाईलमध्ये असतं, आणि कधीकधी फाईलमध्येही नसतं.

आपल्याच जिल्ह्यात बघ ना. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला, इंदिरानगरला पावलापावलावर मॅटर्निटी होम, आणि इकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर पावसाळ्यात बाईला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं, मग १०८ची अँब्युलन्स, मग घाट, मग सिव्हिल. तिथल्या बाईला सिझर जास्त होत नाहीये, वेळेवर मिळत नाहीये. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही चाललंय. तू “सिझर म्हणजे धंदा” असा मेसेज टाकलास आणि तो फिरत फिरत पेठच्या एखाद्या घरी पोचला, आणि त्या घरातल्या सासूने नर्सबाईंना सांगितलं की आम्ही नाशिकला नेणार नाही ते लोक कापतात, तर काय होईल विचार कर. तुझ्या घरात तर ते झालंच आहे. नणंद घरी बाळंत व्हायचं म्हणतेय.

म्हणून पहिलं काम नणंदेचं, बाकी मंडळ वगैरे नंतर. तिच्याशी आजच बोल, एकटीशी. “मी अर्धंच सांगितलं होतं” असं सरळ कबूल कर. तिला सांग की सिझर हे एक औषध आहे, नको असताना घेतलं तर त्रास देतं, हवं असताना नाही घेतलं तर जीव जातो. वार (प्लासेंटा) खाली गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ आधी खाली आली, बाळाचे ठोके घसरून वर येईनात, खूप रक्त जायला लागलं, कळा जोरात असून बाळ अडकून बसलं, अशा वेळी सिझर म्हणजे सुटकाच आहे. घरी बाळंतपण हा पर्यायच नाही हे स्पष्ट सांग, त्यात तुझा हळवेपणा आणू नकोस. आणि आत्तापासून बाळंत होईपर्यंत लक्षात ठेवायचं, रक्त दिसलं, पाणी जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यासमोर अंधारी आली, चेहरा-हात सुजले, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थांबायचं नाही.

पण मग ती विचारेल, नको असलेलं सिझर कसं ओळखायचं. पूर्ण ओळखता येत नाही. पण काही कारणं अशी आहेत की ती ऐकली की घाबरून लगेच सही न करता दोन प्रश्न विचारावेत. नाळेचा वेढा त्यातलं पहिलं. चार-पाच बाळांत एकाच्या मानेला वेढा असतो गं, बहुतेक बाळं तशीच आरामात बाहेर येतात, नुसता सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणून पोट उघडायचं कारण नाही. “वाट लहान आहे”, हे कळा सुरू व्हायच्या आधी छातीठोकपणे सांगणं फार अवघड, कारण कळांमध्ये बाळाचं डोकं आणि आईची हाडं दोन्ही थोडी जुळवून घेतात. “बाळ मोठं आहे”, सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, तो दोन्हीकडे चुकतो, शुगर असलेल्या आईची गोष्ट वेगळी. “तारीख उलटली”, अगं दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ४० आठवडे झाले की लगेच काही पेटत नाही, सगळं ठीक असेल तर ४१पर्यंत लक्ष ठेवून थांबता येतं आणि मग कळा आणायचं औषध देऊन बघतात. बाळ पायाळू असेल तर बहुतेक ठिकाणी सिझरच सुचवतील, पण ३६-३७व्या आठवड्यात पोटावरून बाळ फिरवायचा प्रयत्न अनुभवी डॉक्टर करू शकतात, साधारण निम्म्या वेळा जमतो, विचारायला काय हरकत आहे.

आणि कळा सुरू झाल्यावरची घाई. पहिलटकरणीला वेळ लागतो, आपल्या आज्या म्हणायच्याच “पहिली वेळ, दिवस मावळेल नि उजाडेल”. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर खरी जोराची प्रसूती सुरू झाली असं धरा, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा नियम सगळ्यांना लावू नका. आधी लोक ३-४ सेंटिमीटरला घड्याळ लावायचे आणि “प्रोग्रेस नाही” म्हणून टेबलवर घ्यायचे. कळा सौम्य असताना हॉस्पिटलमध्ये लवकर जाऊन बसलं की सगळ्यांचीच चुळबुळ सुरू होते, नातेवाईकांची जास्त.

हो, नातेवाईक. इथे मला तुझ्या “धंदा” या शब्दाबद्दल बोलायचंय. पैशाचा भाग आहे, नाकारत नाही, आकडे बघून नाकारता येणारच नाही. पण नाशिकमधलं साधं दहा-पंधरा बेडचं मॅटर्निटी होम डोळ्यासमोर आण. एकच गायनॅक मॅडम, सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, भूलतज्ज्ञ चार हॉस्पिटलं फिरणारे, बोलावलं की येणारे. रात्रभर कळा देणाऱ्या बाईजवळ बसायला शिकलेली सुईण नाही. बाहेर पंधरा नातेवाईक, त्यातला एक दर अर्ध्या तासाने आत डोकावतो, “मॅडम, पेशंटला त्रास होतोय, काहीतरी करा ना, सिझर करून टाका”. काही कमीजास्त झालं तर तोडफोड, ग्राहक आयोगात केस. २०१० मध्ये महाराष्ट्राला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सिझर केलं आणि काही झालं तर लोक म्हणतात सगळे प्रयत्न केले, वाट बघितली आणि काही झालं तर म्हणतात वेळेवर का नाही केलं. अशात तू-मी डॉक्टर असतो तर कितीदा वाट बघितली असती? हे मी डॉक्टरांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये, तुझ्या कामासाठी सांगतेय. कारण फक्त लोभ असता तर तू बायकांना सावध करून काम झालं असतं. पण रात्रीचा भूलतज्ज्ञ नसणं, सुईण नसणं, नातेवाइकांचा दबाव, हे बायकांना सावध करून सुटत नाही.

आणि मुहूर्त. सासूबाईंची तारीख. हे पण एक सिझरच ना, आणि ते डॉक्टरने सुचवलेलं नाही, घरातून आलंय. तुझ्या भाषणात यावर एक वाक्य नव्हतं असं तुझ्या पत्रावरून वाटतं. गणपतीतली तारीख म्हणजे तू लिहितेस त्या हिशोबाने जेमतेम ३८ आठवडे. काही कारण नसताना ठरवून केलेलं सिझर ३९ आठवड्यांच्या आधी करू नये असं सांगतात, कारण कळा न येता लवकर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, काचेत ठेवायची वेळ येते. सासूबाईंशी वाद घालू नकोस, “अंधश्रद्धा” हा शब्द तर तोंडातून काढूच नकोस. त्यांना नणंदेच्या पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर हाच प्रश्न त्यांनाच विचारू दे, की दोन आठवडे आधी काढलं तर बाळाच्या फुफ्फुसांना काय होतं. आजीला नातवंडाच्या श्वासापेक्षा तिथी मोठी वाटत नाही, मी अशा बऱ्याच आज्या बघितल्यात. आमच्या घरात तर पितृपक्षात मूल झालं की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, घराण्यातलंच कोणी परत आलं. सासूबाईंना हे सांगून बघ, कदाचित त्यांच्या माहेरीही असंच म्हणत असतील.

तपासणीलाच नणंदेने, किंवा तिच्या नवऱ्याने, तो येत असेल तर फारच छान, शांतपणे काही गोष्टी विचाराव्यात. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. कळांच्या वेळी कोणी सोबत राहू देता का. सतत कोणीतरी आपलं माणूस जवळ असेल तर सिझरचं प्रमाण थोडं कमी होतं हे अभ्यासात दिसलंय, सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून जो लक्ष्य कार्यक्रम आहे त्यातही सोबतीचा आग्रह आहे. चालू-फिरू देता का, पाणी पिऊ देता का. आणि मुख्य प्रश्न, तुमच्याकडे पहिलटकरणी, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप आलेल्या, अशा बायकांत शंभरात किती जणींचं सिझर होतं?

हा शेवटचा प्रश्न असा मुद्दाम लांबलचक आहे. रॉब्सन नावाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये बाळंतिणींचे दहा गट पाडले, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच पद्धत सगळ्यांनी वापरावी असं सांगितलं. मी वर लिहिला तो पहिला गट. नुसता एकूण टक्का विचारला तर अन्याय होतो, कारण जिथे जिल्हाभरातून अडलेल्या बायका येतात त्या सिव्हिलसारख्या ठिकाणी टक्का जास्त असणारच, आणि अवघड केस पुढे पाठवून देणाऱ्या छोट्या हॉस्पिटलचा कमी दिसेल. पहिल्या गटाचा आकडा विचारला की खरं चित्र दिसतं. शिवाय पहिलं सिझर टळलं तर पुढचं बरंच टळतं. एकदा टाके पडले की दुसऱ्या वेळी बहुतेक ठिकाणी पुन्हा सिझरच, आणि प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसायचा धोका वाढत जातो, तो रक्तस्त्राव फार वाईट असतो. म्हणून आपलं सगळं लक्ष पहिलटकरणीवर हवं. ज्यांचं एक सिझर झालंय त्यांच्यासाठीही, तुझ्यासाठीही सांगते, आडवा छेद असेल, दुसरी काही अडचण नसेल तर पुढच्या वेळी खालून प्रयत्न करता येतो, प्रयत्न करणाऱ्या चार जणींत साधारण तिघींना जमतं. आधीचे टाके उसवायचा धोका दोनशेत एक असा असतो, म्हणून चोवीस तास थिएटर तयार असलेल्या ठिकाणीच.

आणि प्रत्यक्ष त्या वेळी, डॉक्टर म्हणाले सिझर करावं लागेल, तर एकच विचारायचं: “डॉक्टर, आपल्याकडे मिनिटं आहेत, तास आहेत का दिवस आहेत?” मिनिटं म्हणाले तर लगेच सही, एक शब्द बोलायचा नाही. तास म्हणाले तर विचारायचं की थांबलो तर काय काय करून बघता येईल. दिवस म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन यायला वेळ आहे, तो रुग्णाचा हक्कच आहे. हे वाक्य नणंदेच्या नवऱ्याला पाठ करून घे, त्या वेळी बाईला बोलायचं भान नसतं.

आता तुझं मंडळ. परत एकदा जमा, पण हात वर करायला लावू नकोस. सासवांना बोलाव, नवऱ्यांना बोलाव, रविवारी ठेव म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट असलेलेही येतील. एखाद्या अनुभवी सिस्टरला बोलाव, नुसतं डॉक्टरांचं भाषण नको. “नॉर्मल” हा शब्द जमेल तेवढा टाळ, एकीला नॉर्मल म्हटलं की दुसरी आपोआप ॲबनॉर्मल होते, मी हल्ली “खालून झालं”, “पोटातून झालं” एवढंच म्हणते. आणि मंडळाच्या लेटरहेडवर आजूबाजूच्या चार-पाच हॉस्पिटलांना एक नम्र पत्र द्या, की पहिल्या गटाचा तुमचा सिझरचा आकडा रिसेप्शनवर लावाल का. हे काही तुझ्या डोक्यातलं खूळ नाही, २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी हॉस्पिटलांनी सिझरचे आकडे जाहीर करावेत म्हणून ऑनलाइन अर्ज चालवला होता, लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या, तेव्हाच्या महिला-बालविकास मंत्री मनेका गांधींनी पाठिंबा दिला होता. नाशिकमध्ये तर म्हसरूळला अख्ख्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे, इथे हे सुरू व्हायला काय हरकत आहे? पाचातले चार उत्तर देणार नाहीत. एकाने दिलं तरी पुरे, पुढच्या वेळी डोहाळजेवणात बायका आपसात तेच बोलतील. आणि हेही सांगा सगळ्यांना, ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांना सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण मोफत आहे, सिझर लागलं तर तेही.

तू शेवटी एका ओळीत विचारलंयस, “मला फसवलं होतं का”. मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठीच होतं. मला माहीत नाही गं. पाणी खरंच कमी होतं का, किती होतं, बाळाचे ठोके कसे होते, कळा आणायचा प्रयत्न करता आला असता का, हे तुझ्या केसपेपरवर असेल. डॉक्टरांच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यायला हवेत, आणि कागद तीन वर्षं जपून ठेवायला हवेत. मुलगा अडीच वर्षांचा आहे म्हणजे तुझ्याकडे फार दिवस नाहीत, याच आठवड्यात लेखी अर्ज दे आणि पोच घे. मग त्या हॉस्पिटलशी काही संबंध नसलेल्या गायनॅककडे फाईल घेऊन जा. कदाचित कळेल की गरज होती, मग अडीच वर्षं जे उरात घेऊन फिरतेयस ते खाली ठेवता येईल. कदाचित कळेल की नव्हती, मग तुझा राग खरा होता हे तरी कळेल आणि तक्रार करायची की नाही ते ठरवता येईल. कदाचित काहीच नक्की कळणार नाही. ते सगळ्यात अवघड, आणि तसं झालं तर मला परत लिही, त्यावर वेगळं बोलू. पण तोवर तुझा प्रश्न जाऊबाईंच्या पोटावर ठेवू नकोस. त्यांनी मध्यरात्री सही केली, बारा दिवस काचेबाहेर उभं राहून काढले, आणि घरातल्याच बाईने अठरा जणींसमोर त्याला धंदा म्हटलं.

त्यांच्याकडे जा. समजावून सांगायला जाऊ नकोस, आकडे तर मुळीच नेऊ नकोस. “वहिनी, त्या रात्री काय झालं ते मी तुम्हाला कधी विचारलंच नाही” एवढं म्हण आणि गप्प बस. त्या बोलतील किंवा नाही बोलणार, चहा ठेवतील, विषय बदलतील. बदलू दे. आणि नंतर कधी त्यांना वाटलं तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत पहिलं त्यांनाच बोलू दे.

फाईल मिळाली की कळव. आणि नणंद बाळंत झाली की तेही, कशीही झाली तरी.

तुझी,
सदर लिहिणारी ताई